दार कोण बंद करतं?

त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. 'दररोज सायंकाळी सहा वाजता मानशीचा रखवालदार जाड दोरखंड ओढून लाकडी दरवाजा बंद करतो आणि अशा प्रकारे पिढ्यानपिढ्या गावाच्या शेतीचे रक्षण करण्याची उदात्त परंपरा जपली जाते.' कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी 'माझ्या गावातली एक गोष्ट' या विषयावर चार पानं लिहून आणायला सांगितली होती, वीस गुणांसाठी. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर सोप्यावर गठ्ठा घेऊन बसले होते. बाहेर ऊन आणि समोरच्या माडांच्या झावळ्यांची सळसळ, आत एकामागून एक कागद. या वाक्यापाशी आले आणि पेन हातातच राहिलं. मानस म्हणजे खाडी आणि शेत यांच्यामधल्या बांधातलं, पाणी अडवणारं दार. माझं आजोळ गोव्यात, कुंभारजुव्याच्या बाजूला. लहानपणीच्या कितीतरी रात्री मी मामासोबत मानशीच्या चिऱ्यांवर बसून काढल्या आहेत. मानशीचं दार माणूस बंद करत नाही. खाडीकडून भरती चढायला लागली की ते पाणीच दाराला रेटतं आणि दार चौकटीला घट्ट बसतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी दार बाहेर लोटून खाडीला जाऊन मिळतं. आणि सायंकाळचे सहा? भरती रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आज सहाला आली तर उद्या सातच्या सुमाराला. पाण्याची वेळ ज्याने एकदा जरी बघितली आहे, तो सहाचं वेळापत्रक लिहिणार नाही.

हे लिहिणारा मुलगा दुर्भाटच्या बाजूचा, जुवारी नदीच्या काठचा. सोमवारी तास संपल्यावर त्याला थांबवलं. आमचं बोलणं कोकणीतच चालतं, इथे मराठीत लिहिते. "तुझं घर मानशीपासून किती लांब?" म्हटलं. "जवळच टीचर. आमचे आजोच सांभाळायचे ती, आत्ताआत्तापर्यंत." "मग दार कोण बंद करतं?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. "पाणी." मी त्याचाच कागद त्याच्यापुढे धरला. त्याने ते वाक्य वाचलं, परत वाचलं. चॅटजीपीटीवरून काढलंय हे त्याने लगेच कबूल केलं, त्यात काही लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटतही नव्हतं. मी एवढंच विचारलं, की अरे, हे चुकीचं आहे हे तुला ठाऊक होतं, मग ठेवलंस कसं? तो बराच वेळ बॅगेचा पट्टा पिळत उभा राहिला.

"टीचर, मला वाटलं, आमचंच काहीतरी चुकत असेल."

तो गेला. मी वर्गातच बसून राहिले. नक्कल करणारी मुलं मी वीस वर्षं पाहते आहे. गाइडमधून उतरवलेलं, दादा-ताईच्या जुन्या वहीतून उतरवलेलं, पुढे विकिपीडियावरून जसंच्या तसं चिकटवलेलं. त्याचा राग यायचा, पण त्या रागाला धरायला काहीतरी होतं. आळस केलास, खोटं बोललास, पुन्हा लिही. या मुलावर मला रागावता आलं नाही. अठरा वर्षं ज्या दाराचा आवाज ऐकत तो वाढला, ते दार त्याने एका वाक्यासाठी सोडून दिलं. वाक्य गुळगुळीत होतं म्हणून. आजोबांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त खरं वाटलं म्हणून.

मामाची मानस आठवते. पेट्रोमॅक्सचा पांढरा उजेड, त्यावर झेपावणारे किडे, चिखलाचा तो आंबूस खारा वास जो अंगाला दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकटून राही. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, घ्यावा लागे आणि एकदा मामाने तो घेतला होता. ओहोटी सुरू व्हायच्या आधी तोंडाला जाळं लावायचं आणि वाट बघत बसायचं. आधी दार नुसतंच थरथरायचं. दोन्हीकडचं पाणी सारखं झालेलं असायचं, आणि कुठल्या बाजूला जावं हे त्या दारालाच कळत नसावं असं मला वाटायचं. मग एकदम आतलं पाणी धावत सुटायचं, जाळं फुगायचं, आणि मामा म्हणायचा, "आता गप." सुंगटं, शेवटे, काळुंदरं, एखादी रागावलेली कुर्ली, म्हणजे खेकडा. दिवसा तोच मामा बांधावरून चालताना कुर्ल्यांची बिळं शोधायचा आणि टाचेने चिखल दाबून बुजवायचा, कारण एका बिळातून झिरपलेलं पाणी बांध फोडू शकतं हे त्याला माहीत होतं. फुटलेल्या बांधामागे खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी भरलं, तर पुढची काही वर्षं तिथे भात धड येत नाही. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगूट जातीचं भातसुद्धा शेवटी पावसाच्या गोड्या पाण्यावरच वाढतं. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे असं सांगतात. ती अशाच माणसांच्या टाचांवर टिकली. मामा चौथी शिकलेला होता. त्याने यातलं एक अक्षरही कधी लिहून ठेवलं नाही.

आणि नेमकं तिथेच अडतं. या यंत्राचं शिक्षण लिहिलेल्या मजकुरावर झालेलं. कोट्यवधी पानं वाचून कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते शिकलं, आणि त्या अंदाजावर वाक्य पुढे नेतं. मानशीबद्दल मराठीत त्याला कितीसं वाचायला मिळालं असणार? धरणं, दरवाजे, रखवालदार, परंपरा यांबद्दल मात्र रग्गड मिळालं. म्हणून दाराशेजारी रखवालदार आला, त्याच्या हातात दोर आला, आणि शेवटी उदात्त परंपराही आली. त्याने खोटं सांगायचं ठरवलं नव्हतं. खरं आणि खोटं यांतला फरक त्या वाक्याच्या घडणीत कुठे नव्हताच.

हे मी वर्गात सांगून बघितलं, मुलांनी माना डोलावल्या, पण चेहरे कोरेच. तेव्हा पुढच्या तासाला फोन काढायला लावले. आमच्याकडे तासाला फोन बंद असा नियम आहे, त्यामुळे आधी कोणाचा विश्वासच बसेना. म्हटलं, तीन जणांनी एकच प्रश्न विचारा, 'मानस कशी काम करते?' पहिल्या मुलीला उत्तर आलं ते मनाबद्दल, मानस म्हणजे चित्त, भावना, विचारप्रक्रिया. वर्ग हसला. दुसऱ्याने 'गोव्यातील खाजन शेतीतली' असे शब्द जोडले, तेव्हा रखवालदार आला, या वेळी लोखंडी चाक फिरवणारा. तिसऱ्याच्या उत्तरात ही व्यवस्था ब्रिटिश काळात उभारल्याचं लिहिलं होतं. गोव्यात, ब्रिटिश काळात! मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "टीचर, ह्याला एकसष्ट साल कोणी शिकवलंच नाही." हसू ओसरल्यावर एका मुलीने हळूच विचारलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. "आम्हाला मानस माहीत आहे म्हणून हे कळलं. ज्यातलं माहीत नाही, त्यात कसं कळायचं?"

या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांना न्यूयॉर्कमधल्या वकिलांची गोष्ट सांगितली. २०२३ साली त्यांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात आधीच्या निकालांचे दाखले दिले, त्यांतले बरेच चॅटजीपीटीने रचलेले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. पण मुलं गप्प झाली ती दंडाच्या आकड्याने नव्हे. त्यांतल्या एका वकिलाने त्या यंत्रालाच विचारलं होतं, की हा खटला खरा आहे ना? आणि यंत्राने सांगितलं होतं, हो, खरा आहे. साक्षीदार म्हणून त्यालाच उभं केलं, ज्याची साक्ष तपासायची होती. तिथून मला ती समासाची गोष्ट सुचली. पण त्याआधी स्टाफरूमबद्दल सांगायला हवं.

स्टाफरूममध्ये या विषयावर दोन तट आहेत. एका सहकाऱ्याचं म्हणणं, सरळ यंत्राचं लिखाण पकडणाऱ्या ओळखयंत्रात घाला, टक्केवारी येते, पन्नासच्या वर गेली की शून्य द्या. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, रात्री बारापर्यंत जागून ते पेपर तपासतात. पण ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, त्यांनी स्वतःचं ओळखयंत्र २०२३ च्या जुलैमध्ये मागे घेतलं, ते पुरेसं अचूक नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध अशी यंत्रं 'यंत्राने लिहिलेले' म्हणून मोकळी होतात. साधे शब्द, छोटी वाक्यं, म्हणजे संशयित. आमची मुलं इंग्रजी कशी लिहितात? साधे शब्द, छोटी वाक्यं. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून पहाटेची कदंब बस पकडून येणाऱ्या, घरातल्या पहिल्या पदवीधर होऊ घातलेल्या मुलीला एका टक्केवारीवरून खोटारडी ठरवायचं, हे माझ्या हातून होणार नाही. दुसरा तट म्हणतो, काळ बदलला, वापरू दे की. तेही मला गिळवत नाही. बुजवायचं सोडून दिलेलं बीळ दिसतं मला त्यात.

सत्तरीचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या वर्गात तिथला एक मुलगा आहे. चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीतून शिकला आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम, जसं आमच्याकडे बहुतेकांचं होतं. अर्थशास्त्राचं पुस्तक त्याला कळत नाही. घरी विचारायला कोणी नाही, ट्यूशन परवडत नाही. तो रात्री एकेक परिच्छेद चॅटजीपीटीला देतो आणि म्हणतो, मला हे सोप्या मराठीत सांग, बाजारातलं उदाहरण देऊन. मागणी-पुरवठा त्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावरून कळला. हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की चूक-बरोबर तपासण्याबद्दल बोलायचं मी त्या दिवशी टाळलं. आठवड्याने बोलले. समजून घ्यायला वापर, पण नंतर पुस्तकातला तोच परिच्छेद स्वतः परत वाच, आणि पुस्तकात नाही ते काही त्याने सांगितलं असेल तर खूण करून सरांना विचार. तो आता खुणा करतो. त्याच्या पुस्तकात पेन्सिलीचे बारीक फुल्याच फुल्या आहेत. त्याला मी 'वापरू नको' म्हणाले असते, तर त्याची रात्रीची एकमेव खिडकी मीच बंद केली असती.

मग दुर्भाटच्या मुलाचं काय वेगळं झालं? हे मला पुष्कळ दिवस छळत राहिलं. उत्तराचा एक तुकडा सापडला तो माझ्याच शाळेच्या दिवसांत. आम्हाला निबंधांचं एक जाडजूड पुस्तक असायचं. 'पावसाळ्यातील एक दिवस' त्यातूनच पाठ. त्या निबंधात तहानलेली धरणी असायची, आकाशाकडे डोळे लावून बसलेला बळीराजा असायचा. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये कोसळायला लागला की तीन-तीन दिवस कपडे वाळत नाहीत, सोप्यावर ओल चढते, आणि पुरुमेंताचं मीठ, सुके मासे, कोकमं आधीच भरून ठेवलेली असतात. यातलं काहीच मी कधी निबंधात लिहिलं नाही. एकदा लिहिलं होतं. 'सोपो' आणि 'पुरुमेंत' या दोन्ही शब्दांखाली लाल रेघा आल्या आणि समासात लिहून आलं, 'प्रमाण मराठी वापरावी'. गोव्यातल्या मराठी मुलांच्या मनात ही लाल रेघ फार आधीपासून आहे. आपली मराठी कोकणाळलेली, खरी मराठी घाटावरची. आपलं घरातलं बोलणं निबंधात चालत नाही. हळूहळू घरातलं जाणणंही चालत नाही असं वाटायला लागतं. यंत्राने ती रेघ मारली नाही, आम्ही मारली. यंत्र आलं तेव्हा मुलं आपलं सोडून द्यायला शिकून तयारच होती. आणि 'आम्ही' म्हणते आहे ते जाणूनबुजून. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः 'सुंगटं' खोडून 'कोळंबी' लिहिलेलं आहे, कुणाच्या तरी सुंदर वाक्यात. त्या मुलीचं नाव मला आठवत नाही, वाक्य आठवतं.

तर समासाची गोष्ट. पुढच्या लिखाणासाठी मुलांना सांगितलं, फोन उघडण्याआधी विषयाबद्दल स्वतःला जेवढं माहीत आहे तेवढं हाताने लिहा, घरातल्या शब्दांत, मोडकंतोडकं चालेल, कोकणी शब्द चालतील. मग हवं तर यंत्राला विचारा, काय विचारलं तेही लिहा. शेवटच्या मसुद्यात प्रत्येक विधानासमोर समासात साक्षीदाराचं नाव घाला. आई. पंचायतीचा बोर्ड. ग्रंथालयातलं अमुक पुस्तक, पान अमुक. मी, डोळ्यांनी पाहिलं. आणि ज्याला चॅटजीपीटीशिवाय साक्षीदार नाही, ते वाक्य कंसात ठेवा, दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत ते बाहेर काढायचं नाही. पहिल्या खेपेला काहींचे अख्खे परिच्छेद कंसात होते. एक मुलगी रडवेली झाली, म्हणाली, कंस काढले तर माझं उरतं काय? सहा ओळी उरत होत्या. त्या सहा ओळी तिच्या आजीच्या धालोबद्दलच्या, बायकांच्या गाण्या-नाचाबद्दलच्या होत्या, पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या अंगणात, समोरासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या दोन रांगांबद्दल. त्या पूर्ण वर्गाला वाचून दाखवायला लावल्या. तिने पुढे आजीची गाणी फोनवर रेकॉर्ड केली आणि विचारलं, हे अर्थासाठी त्यात घालू का? मी म्हटलं, आजीला विचार. गाणी तिची आहेत, एकदा बाहेर दिली की कुठे जातील ते तुझ्या-माझ्या हातात नाही. आजी म्हणाली, मांडावरचं मांडावरच राहू दे. मुलीला ते पटलं नाही, थोडी हिरमुसलीही. पण घातलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्या मुलाबरोबर त्याच्या मानशीवर गेले. मीच विचारलं होतं, येऊ का. बांधाच्या एका बाजूला खारफुटी आणि खाडीचं गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेल्या भाताचे खुंट. चिऱ्यांच्या खांबांवर काळपट शेवाळ, दाराच्या फळ्या खालच्या बाजूने कुरतडल्यासारख्या झालेल्या. आजोबा काठी टेकत आमच्या मागून आले. नातवाने तो पहिला कागद बरोबर आणला होता, मला वाटलं नव्हतं आणेल. त्याने स्वतःच तो त्यांना वाचून दाखवला, रखवालदार, दोरखंड, उदात्त परंपरा, सगळं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तें आपशींच धांपता रे." आपसूकच मिटतं ते. थोडं थांबून त्यांनी विचारलं, हे सांगणारा माणूस कुठला? मुलगा म्हणाला, माणूस नाही आजो, फोन आहे. त्यावर आजोबा काही बोलले नाहीत. काठीने दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. तिथून भरतीचं पाणी बोटभर आत येत होतं. फळी बदलायला झाली आहे, सांगून सांगून दोन वर्षं झाली, म्हणाले. मुलाने खिशातून वही काढली. ते लिहायला लागल्यावर आजोबा बोलायचे थांबले, त्याचं लिहून होईपर्यंत थांबले, आणि मग पुढचं सांगितलं. माणूस मुळीच लागत नाही असं नाही, म्हणाले. कापणी झाल्यावर मासळीसाठी खारं पाणी आत घ्यायचं तेव्हा दार मुद्दाम उघडं धरावं लागतं, किती आणि किती दिवस ते बघावं लागतं. यंत्राच्या वाक्यात माणूस होता, फक्त चुकीच्या कामावर. हे मलाही नीट माहीत नव्हतं. मामाबरोबर मी मासेच पाहिले होते.

त्याने दुसऱ्या खेपेला सहा पानं आणली. मधल्या काळात पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही जाऊन आला होता, बसस्टँडच्या इतक्या जवळ असूनही पहिल्यांदाच. समासात एका पुस्तकाचं नाव होतं, पान क्रमांकासकट. दोन वाक्यं कंसात होती, तीही मानस पहिल्यांदा कोणी बांधली याबद्दलची. ती त्याने कंसातच ठेवली होती. बाकी सगळीकडे 'आजो', 'आजो', 'बाबा', 'मी'. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या, त्या मी पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून दिल्या. चौथ्या पानावर ही ओळ आली:

'रात्री दार बंद झाल्याचा ठप्प असा आवाज आमच्या घरात ऐकु येतो. तो ऐकल्यावर आजो कुस बदलतात आणि मग त्यांना झोप लागते.'

समासात लिहिलं होतं, 'मी. अंथरुणातून.'